मेदिम्नॉसभर जव : ग्रीक नगरराज्यांतलं वावर, कर्ज आणि बाजार

प्राचीन ग्रीक नगरराज्यांच्या अर्थकारणाबद्दल आलेल्या पत्रांना या वेळी उत्तरं देत आहोत. पत्रं यवतमाळ, वाशीम, बुलढाणा, वर्धा, अमरावती, चंद्रपूर आणि भंडारा जिल्ह्यांतल्या गावांमधून आली आहेत. विचारलंय ते माप, कर्ज, विहीर, व्याज, मजुरी आणि ठेका यांबद्दल, आणि त्या समाजात शिरायला याहून चांगली वाट नाही. सर्वांत जास्त लेखी पुरावा अथेन्सचा उरला आहे. म्हणून उत्तरं मुख्यतः अथेन्सची आहेत. दुसऱ्या गावाची गोष्ट आली तिथे तसं सांगितलं आहे.

प्रश्न : अथेन्समध्ये माणसाची पत ‘मेदिम्नॉस’वर ठरायची असं वाचलं. हे माप आपल्या हिशेबात किती? एका घराला वर्षाला किती लागत असेल? (ता. दारव्हा)

मेदिम्नॉस हे पायलीसारखं भरून मोजायचं माप. अथेन्सचा मेदिम्नॉस साधारण ५२ लिटरचा. त्याचे ४८ भाग केले की एक भाग म्हणजे एक खॉयनिक्स, लिटरहून जरा जास्त. एका गड्याचा एका दिवसाचा दाणा म्हणजे एक खॉयनिक्स, असा तिथला सर्वमान्य हिशेब होता. वर्षाचे ३६५ खॉयनिक्स म्हणजे साडेसात मेदिम्नॉसच्या थोडं वर. नवरा-बायको आणि दोन लेकरं मिळून रोजचे तीन खॉयनिक्स धरले, तर वर्षाला १०९५ खॉयनिक्स, म्हणजे जवळपास २३ मेदिम्नॉस लागतील.

किलोत सांगायचं तर थोडं जपून. आजच्या गव्हाने ते माप भरलं तर ४० किलोच्या आसपास भरेल. पण इ.स.पू. ३७४-३७३ चा अथेन्सचा एक कायदा दगडावर कोरलेला सापडला आहे. त्यात करापोटी येणारं धान्य कोरडं आणि साफ असावं अशी अट आहे, आणि वजनही दिलं आहे : पाच षष्ठांश मेदिम्नॉस गव्हाला एक टॅलंट, पूर्ण मेदिम्नॉस जवाला एक टॅलंट. टॅलंट २६-२७ किलोचं. म्हणजे त्या काळचा गहू मेदिम्नॉसला ३१-३२ किलोच भरायचा आणि जव २६-२७ किलो. मापाने मोजताना माप हलवलं की नाही, वर शीग ठेवली की काठाशी फळी फिरवली, यावर किती फरक पडतो हे खळ्यावर बसलेल्याला सांगावं लागत नाही. कायद्याने वजन का बांधून दिलं ते यावरून कळतं.

जव म्हणजे बार्ली. आपल्याकडचं तेलाचं जवस वेगळं. ॲटिका या अथेन्सच्या मुलखात वर्षाला ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, यवतमाळच्या निम्म्याहून कमी, आणि तोही हिवाळ्यात. पहिल्या पावसावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरणी, मे-जूनमध्ये कापणी. एवढ्या पावसावर गहू दगा देतो, जव तगून जातो. म्हणून ॲटिकात गव्हाच्या कितीतरी पट जव पिकायचा. जवाचं फोलकट दाण्याला चिकटून बसतं, त्यामुळे तो आधी भाजायचा, मग दळायचा. त्याचा पाव फुगत नाही. पीठ पाण्यात किंवा तेलात मळून त्याचा गोळा खायचे. त्याला ‘माझा’ म्हणत.

आता पतीबद्दल. इ.स.पू. ५९४ मध्ये अथेन्सचे कायदे करणाऱ्या सोलॉनने नागरिकांचे चार वर्ग वर्षाच्या उत्पन्नावर पाडले : ५०० मापं आणि वर, ३०० आणि वर, २०० आणि वर, आणि त्याखालचे, ज्यांना ‘थेटेस’ म्हणत. धान्याबरोबर तेल आणि दारूची मापंही धरली जात. वर्गावर अधिकारपद ठरायचं. देवी अथेनाच्या खजिन्याचा कारभार फक्त ५०० वाल्यांकडे, कारण घोटाळा झाला तर भरून घ्यायला मालमत्ता हवी. आर्कॉन या मोठ्या पदाचा दरवाजा २०० मापांच्या कास्तकाराला इ.स.पू. ४५७ च्या सुमारास उघडला. वर आपण काढलेले घरखर्चाचे २३ मेदिम्नॉस आणि ही २०० ची पायरी शेजारी ठेवून पाहा : तिसऱ्या वर्गातला माणूससुद्धा खाऊनपिऊन बरंच उरणारा होता.

प्रश्न : सोलॉनने कर्जमाफी केली म्हणतात. ती टिकली का? लोक पुन्हा कर्जात गेले नाहीत का? (ता. मंगरूळपीर)

त्याआधीची स्थिती अशी होती. कर्ज अंगावर मिळायचं, म्हणजे तारण म्हणून ऋणको स्वतः आणि त्याची बायको-पोरं. फिटलं नाही की माणूस गुलाम म्हणून विकला जाई, कधी समुद्रापार. जमिनीत ‘होरोस’ नावाचे दगड उभे असत. धुऱ्याच्या दगडालाही हाच शब्द आहे, पण हे दगड त्या वावरावर दुसऱ्याचा हक्क आहे हे सांगणारे. हेक्तेमोरोई म्हणजे ‘सहाव्या हिश्श्याचे’ नावाचा एक वर्ग होता. ते पिकाचा सहावा हिस्सा धन्याला देत, असा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. हिस्सा चुकला की तेही विक्रीला.

सोलॉनने चालू कर्जं रद्द केली आणि दगड उपटले. बाहेर विकलेल्यांना जमेल तितकं परत आणलं. आणि यापुढे कोणाच्याही शरीरावर कर्ज द्यायचं नाही, असा कायदा केला. त्याची स्वतःची एक कविता उरली आहे. तीत तो साक्षीला काळ्या भूमीला, देवांच्या मोठ्या आईला, बोलावतो : पूर्वी ती दासी होती, आता मोकळी आहे. ‘काळी आई’ म्हणणाऱ्या आपल्या माणसाला ही ओळ समजावून द्यावी लागणार नाही.

जमिनीचं फेरवाटप मात्र त्याने केलं नाही. गरिबांची मागणी तीच होती, म्हणून ते नाराज राहिले. सावकार बुडालेल्या पैशामुळे नाराज. तुमच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर यातच आहे. माफी एकदाच झाली आणि संपली. शरीर तारण ठेवायची बंदी टिकली, आणि कर्जापायी अथेनी नागरिकाने गुलाम होणं थांबलं. बी-बियाणं, बैल, दुबार पेरणी यांना लागणारा पैसा मात्र माफीने हातात येत नाही. तो पुढे पिसिस्ट्रॅटसने दिला. हा हुकूमशहा इ.स.पू. ५६१ मध्ये पहिल्यांदा सत्तेवर आला. त्याने गरीब कास्तकारांना शेती चालू ठेवायला कर्ज दिलं आणि पिकाचा दहावा हिस्सा कर म्हणून घेतला. त्यात त्याचा स्वार्थ होता. लोक आपापल्या वावरात गुंतलेले राहिले तर शहरात जमून राजकारण करणार नाहीत, आणि पिकलं तर करही येईल.

इ.स.पू. चौथ्या शतकात गहाणाचे दगड पुन्हा दिसतात. त्यांवर रक्कम आणि धनकोचं नाव कोरलेलं आहे. पण ते बहुतेक सुखवस्तू घरांचे आहेत, हुंड्याच्या हमीचे किंवा मोठ्या खर्चासाठी काढलेल्या रकमांचे. दगड तोच, पण त्याखाली अडकलेला माणूस बदलला होता.

प्रश्न : पाण्याबद्दल, विहिरीबद्दल त्यांचे काही नियम होते का? (ता. मेहकर)

होते, आणि सोलॉनच्याच नावावर आहेत. ॲटिकात बारमाही नद्या फार थोड्या, भिस्त विहिरींवर. सार्वजनिक विहीर चार स्टेडच्या आत, म्हणजे साधारण ७०० मीटरच्या आत असेल तर तिचंच पाणी वापरायचं. त्याहून लांब असेल तर आपल्या जमिनीत खणायचं. दहा पुरुष, म्हणजे सुमारे ६० फूट, खणूनही पाणी लागलं नाही तर शेजाऱ्याच्या विहिरीतून दिवसातून दोनदा सहा खोउसची घागर भरून न्यायचा हक्क. अशी एक घागर २० लिटरच्या जवळपास, म्हणजे दिवसाला ४० लिटर. घरापुरतं, गुरांना थोडं, ओलिताला नाही. आधी स्वतः ६० फूट खणायची अट आहे, म्हणून फुकट्याला हा हक्क मिळत नाही.

त्याच कायद्यात धुऱ्याचेही नियम आहेत. शेजाऱ्याच्या हद्दीपासून झाड ५ फुटांवर लावायचं. अंजीर आणि ऑलिव्ह ९ फुटांवर, कारण त्यांची मुळं लांब जातात आणि दुसऱ्याच्या पिकाचं खातात. खड्डा जितका खोल, तितका तो हद्दीपासून दूर. मधमाश्यांच्या नव्या पेट्या आधीच्या माणसाच्या पेट्यांपासून ३०० फूट दूर.

प्रश्न : आमच्याकडे खासगी व्याज शेकडा दोन, शेकडा तीन असं महिन्यावर बोलतात. ग्रीकांत व्याज कसं मोजत? (ता. आर्णी)

अगदी असंच. पैशाचा हिशेब असा : सहा ओबोलचा एक द्राख्मा, शंभर द्राख्म्यांची एक मिना, साठ मिनांचं एक टॅलंट. व्याज बोलायचं ते ‘मिनेला महिन्याला अमुक द्राख्मे’ असं. मिनेला एक द्राख्मा म्हणजे आपला शेकडा एक, वर्षाला १२ टक्के. चौथ्या शतकात जमिनीवरच्या कर्जाचा हा नेहमीचा दर. बायकोला सोडलं आणि हुंडा परत केला नाही, तर त्या रकमेवर मिनेला नऊ ओबोल, म्हणजे शेकडा दीड, वर्षाला १८ टक्के लागत.

समुद्रावरचं कर्ज निराळं. ते जहाजातल्या मालावर असे. जहाज बुडालं तर कर्जही बुडालं, म्हणून दर चढा. अशा एका कराराचा मजकूर अथेन्सचा वक्ता डेमॉस्थेनिस याच्या नावावर असलेल्या एका कोर्टातल्या भाषणात आला आहे. अँड्रोक्लीस आणि नॉसिक्रॅटीस यांनी फॅसेलिस गावच्या आर्टेमॉन आणि अपोलोडोरस या भावांना ३००० द्राख्मे दिले. तारण : मेंडे इथल्या दारूचे ३००० रांजण. वाट : अथेन्सहून मेंडे, तिथून काळ्या समुद्रावर, आणि परत अथेन्स. व्याज हजाराला २२५. पण परतीला स्वाती तारा पहाटे उगवू लागल्यानंतर, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यानंतर, निघाले तर हजाराला ३००, कारण त्या सुमारास वादळं सुरू होतात. म्हणजे वेळेत आले तर ३६७५ द्राख्मे फेडायचे, उशीर केला तर ३९००. अथेन्सला पोचल्यावर वीस दिवसांत फेड. वादळात सर्वांच्या संमतीने माल समुद्रात टाकावा लागला तर तेवढी वजावट. याच मालावर दुसरं कर्ज काढायचं नाही.

आणि बिघडलं ते या तारणाच्या अटींपाशीच. धनकोचा आरोप असा : रांजण चढवले ४५० च, आणि त्याच मालाच्या नावावर दुसरीकडूनही पैसे उचलले. करार कितीही बारीक लिहिला, तरी माल डोळ्यांनी मोजला नाही तर तारण कागदावरच राहतं.

प्रश्न : धान्याच्या भावावर आणि व्यापाऱ्यांवर तिथे कोणाचा ताबा होता? बाजार समितीसारखं काही होतं का? (ता. हिंगणघाट)

अथेन्सला स्वतःच्या मुलखाचं धान्य पुरत नसे. इ.स.पू. ३५५ मध्ये डेमॉस्थेनिसने सांगितलेला आकडा आहे : नुसत्या काळ्या समुद्राच्या उत्तर काठावरून वर्षाला ४ लाख मेदिम्नॉस, आणि बाकीच्या सगळ्या बंदरांतून मिळून जवळपास तेवढंच. वर काढलेल्या २३ मेदिम्नॉसच्या हिशेबाने त्या ४ लाखांत चार माणसांची सतरा हजारांहून जास्त घरं वर्षभर जेवतात. काळ्या समुद्राचं हे सगळं धान्य हेलेस्पाँटच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून यायचं. ती शत्रूने अडवली की अथेन्स उपाशी. इ.स.पू. ४०५ मध्ये स्पार्टा या शत्रू नगरराज्याने तिथेच अथेन्सचं आरमार संपवलं आणि पुढच्या वर्षी शहर शरण आलं.

म्हणून नियम कडक. अथेन्समध्ये राहणाऱ्याने धान्य अथेन्सशिवाय कुठे उतरवायचं नाही. परतीला धान्य आणणार नसेल त्या जहाजावर पैसे द्यायचे नाहीत. अथेन्सच्या पिरेअस बंदराच्या धान्यबाजारात आलेल्या मालाचे दोन तृतीयांश शहरात न्यायचे. किरकोळ विक्रेत्याने एका खेपेला ५० फॉर्मोस, म्हणजे ५० करंड्यांहून जास्त घ्यायचं नाही. खरेदीवर नफा मेदिम्नॉसला एक ओबोल. गव्हाचा नेहमीचा भाव पाच द्राख्मे, म्हणजे ३० ओबोल. त्यावर एक ओबोल म्हणजे तीन टक्क्यांच्या आसपास.

यावर देखरेखीला ‘सिटोफिलाकेस’, धान्यरक्षक, चिठ्ठ्या टाकून वर्षभरासाठी निवडत. आधी पाच शहरात, पाच बंदरात. पुढे २० आणि १५. त्यांचं काम साखळीने चालायचं. आधी कच्च्या धान्याचा भाव रास्त आहे का बघायचं. मग जवाच्या भावाशी पिठाचा भाव जुळतो का. मग गव्हाच्या भावाशी पावाचा भाव, आणि पावाचं वजन ठरल्याप्रमाणे आहे का. भाव स्थिर ठेवून पाव लहान करायची युक्ती तेव्हाही होती. मापं तपासायला वेगळे ‘मेट्रोनोमॉय’. अथेन्सच्या बाजारचौकात सार्वजनिक म्हणून शिक्का असलेली मापं उत्खननात सापडली आहेत.

नाणं तपासायला एक सरकारी गुलाम बाजारात बसे. इ.स.पू. ३७५-३७४ च्या कायद्याने त्याचं काम ठरवून दिलं आहे. आत तांबं किंवा शिसं निघालं तर नाणं तिथल्या तिथे आडवं कापायचं. त्याने खरं ठरवलेलं नाणं विक्रेत्याने नाकारलं तर त्या दिवशीचा माल जप्त. तो गुलाम कामाला आला नाही किंवा नीट तपासलं नाही तर त्याला ५० फटके.

तरी गोंधळ व्हायचाच. इ.स.पू. ३८६ च्या सुमाराला धान्य विक्रेत्यांवर साठेबाजीचा खटला चालला. शिक्षा मृत्यूची होती. फिर्यादीच्या भाषणात त्यांची रीत सांगितली आहे : जहाजं बुडाली, स्पार्टाने पकडली, बंदर बंद पडलं, अशा बातम्या आधी त्यांनाच कळतात, नाहीतर ते स्वतः पिकवतात, आणि भाव चढवतात. विक्रेत्यांचं म्हणणं : एका धान्यरक्षकानेच सांगितलं होतं की हर्रासात एकमेकांवर बोली चढवू नका, एकत्र घ्या. त्या अधिकाऱ्याचा हेतू आयातदाराला मिळणारा भाव खाली ठेवायचा होता. साठवा असं त्याने सांगितलं नव्हतं. नियमाची ही फट आजच्या अडत्यालाही लगेच दिसेल.

इ.स.पू. ३३० च्या आसपास टंचाईत गहू १६ द्राख्म्यांवर गेला. त्या सुमाराला साध्या मजुराची मजुरी दिवसाला दीड द्राख्मा. पाचच्या भावाने घराचे २३ मेदिम्नॉस ७७ दिवसांच्या मजुरीत येतात. सोळाच्या भावाने २४५ दिवस लागतात. गहू सोडून तीन द्राख्म्यांचा जव खाल्ला तर ४६ दिवस. गरिबाच्या ताटात जव का, ते इथे आकड्यांत दिसतं.

प्रश्न : बाया बाजारात व्यवहार करत का? (बचत गटातील एक भगिनी, ता. तिवसा)

करत, पण कायद्याने एका मर्यादेपर्यंतच. अथेन्समध्ये बाईने एक मेदिम्नॉस जवाच्या किमतीपलीकडे स्वतःच्या नावाने करार करायचा नाही. तीनच्या भावाने तीन द्राख्मे. घरचा १६ दिवसांचा दाणा. त्यापुढे बाप, नवरा किंवा भाऊ लागे. तरी पाव, भाजी, फुलांचे हार विकणाऱ्या बायांनी बाजार भरलेला असे, कारण रोजची विक्री त्या मर्यादेतच होते. स्पार्टात बाई जमिनीची मालक होऊ शकत असे. ॲरिस्टॉटलच्या काळी तिथली पाचातले दोन हिस्से जमीन बायकांच्या नावावर होती, आणि त्याला ते मुळीच आवडलं नव्हतं.

प्रश्न : गुलाम म्हणजे आपल्याकडच्या सालगड्यासारखेच का? (ता. चिमूर)

नाही, आणि ही तुलना सोडून द्यावी. सालगडी पाडव्याला साल ठरवतो, साल संपलं की दुसरीकडे जाऊ शकतो, त्याची लेकरं त्याचीच असतात. गुलामाचं यातलं काहीच त्याचं नसे. इ.स.पू. ४१४ मध्ये जप्त मालमत्तेचा लिलाव झाला, त्याच्या दगडी नोंदी उरल्या आहेत : एक सीरियन माणूस ३०१ द्राख्मे, एक थ्रेसची बाई २२०, एक कारियाचं लहान लेकरू ७२. त्याच यादीत पुढे भांडीकुंडी आणि फर्निचर आहे.

कामाच्या जागी मात्र फरक दिसत नसे. इ.स.पू. ४०९ ते ४०७ मध्ये एरेख्थिऑन देवळाचं काम चाललं, तेव्हा नागरिक, परदेशी रहिवासी आणि गुलाम शेजारी बसून दगड घडवत आणि प्रत्येकाची मजुरी दिवसाला एक द्राख्मा. गुलामाचा द्राख्मा बहुतांशी मालकाच्या हाती पडे. परदेशी रहिवाशाला, मेटिकला, वर्षाला १२ द्राख्मे डोईपट्टी लागे आणि खास परवानगीशिवाय जमीन घेता येत नसे.

ॲटिकातल्या लॉरिऑनच्या चांदीच्या खाणींत स्थिती सर्वांत वाईट. सेनापती निकियासने १००० गुलाम खाणीच्या ठेकेदाराला भाड्याने दिले होते : माणशी दिवसाला एक निव्वळ ओबोल, आणि मेलेल्याच्या जागी नवा आणून आकडा हजारच ठेवायचा. वर्षाचे ३ लाख ६५ हजार ओबोल, म्हणजे दहा टॅलंटांहून जास्त. खाणीतला मृत्यू करारात आधीच धरलेला होता, यावरून तिथली स्थिती कळते. इ.स.पू. ४१३ नंतर स्पार्टाने ॲटिकात डेकेलियाला तळ ठोकला, तेव्हा २० हजारांहून जास्त गुलाम अथेन्समधून पळून गेले.

प्रश्न : ठेक्याने किंवा बटईने जमीन देण्याची रीत तिथे होती का? ठेकेदार जमीन पिळून काढतो, त्याला त्यांनी काय उपाय केला? (ता. साकोली)

बटईचं कठोर रूप स्पार्टाचं : मेसेनियाचे हेलॉट, म्हणजे स्पार्टाच्या ताब्यातले जमिनीला बांधलेले दास, पिकाचा अर्धा हिस्सा धन्याला देत आणि जमीन सोडून जाऊ शकत नसत. ठेक्याचं चांगलं उदाहरण अमॉर्गॉस बेटावरच्या आर्केसिनी गावचं आहे. तिथे झ्यूस देवाच्या देवळाची जमीन ठेक्याने देत आणि अटी दगडावर कोरून ठेवल्या होत्या. दर वर्षी अर्धी जमीन पडीत ठेवायची, म्हणजे ओल आणि कस टिकेल. द्राक्षवेलींची आळी वर्षातून दोनदा खणायची, अंजिरांची एकदा. पडलेल्या दगडी बांधांची दुरुस्ती ठेकेदाराची. आणि शेणखत : वर्षाला १५० टोपल्या. टोपलीचं मापही करारातच दिलं आहे, एक मेदिम्नॉस आणि वर त्याचा तिसरा हिस्सा, म्हणजे सुमारे ७० लिटर. नाहीतर ठेकेदार लहान टोपली आणणार. सगळं मिळून दहा हजार लिटरच्या वर खत. टाकलं की देवळाच्या कारभाऱ्यांपुढे शपथेवर सांगायचं. न टाकलेल्या प्रत्येक टोपलीला तीन ओबोल दंड, म्हणजे एकही टाकली नाही तर ७५ द्राख्मे.